बाई, ती चूक मी पाहिली होती



परवा मी वर्गातल्या एका मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला तुमचा फोन आला. "पाचव्या ओळीत 'आणी'. आठव्या ओळीत 'मूलांना'. खाली 'मला पेन भेटलं'. तू वही तपासलीस की नुसता फोटो काढलास?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य, "वही कोरी परत देणाऱ्या शिक्षकाला पगार कशाचा देतात?" मग तुम्हाला ठसका लागला, सूनबाईंनी फोन घेतला आणि बोलणं तिथेच राहिलं. म्हणून हे पत्र. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी वाचा बसते. कागदावर जरा धीर येतो.

बाई, ती चूक मी पाहिली होती. तिन्ही पाहिल्या होत्या. समासात पेन्सिलीचे तीन ठिपके आहेत, ते फोटोत उमटले नाहीत. ठिपका दिसला की मुलीनं समजायचं, या ओळीत पुन्हा एकदा डोकवायला हवं. काय बिघडलंय ते मी सांगत नाही. ते तिनं शोधायचं. नाही सापडलं तर शेजारणीला विचारायचं, तिलाही नाही सापडलं तर दोघींनी माझ्याकडे यायचं.

'भेटलं' तिनं दुसऱ्याच दिवशी 'मिळालं' केलं. 'मूलांना'पाशी मात्र अडली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, 'मूल'मधला मू दीर्घ असतो ना? मग मी बरोबरच लिहिलंय." आता तुम्हीच सांगा, मी लाल शाईनं तो उकार बदलून दिला असता तर हा प्रश्न तिला पडला असता का? मी तिला फळ्याशी उभी केली आणि वर्गाला जोड्या सांगायला लावल्या. मूल, मुलांना. फूल, फुलांना. वीट, विटेला. बहीण, बहिणीला. पाचव्या-सहाव्या जोडीला मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "प्रत्यय लागला की छोटं होतं!" नियमाची भाषा पुस्तकात वेगळी आहे, पण नियम तोच आहे आणि तो त्याला सापडला आहे.

'आणी'ची गोष्ट तर आणखी वेगळी. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, हे तिला पाठ आहे. पाणी, गाणी, राणी. त्या हिशेबानं आणी. साहित्य महामंडळाचे जे नियम १९६२ साली शासनानं स्वीकारले आणि १९७२ साली चारांची भर पडून जे अठरा झाले, त्यांतच 'आणि' व 'नि' हे दोन शब्द अपवाद म्हणून बाजूला काढलेले आहेत. म्हणजे ती पोर नियम पाळत होती, अपवाद तिला कुणी दाखवला नव्हता. तुम्ही इतकी वर्षं हजारो 'आणी' खोडलेत. त्यातल्या एका तरी मुलाला विचारलंत का हो, बाळा, तू असं का लिहिलंस?

रागावू नका. मी उलट बोलते आहे खरी, पण हे मी शिकले तुमच्याच घरी.

फणसवाडीतल्या तुमच्या गॅलरीत दोन खुर्च्या असायच्या. एकीवर तुम्ही, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. दुसरीवर अप्पा, मांडीवर पाट आणि पाटावर छापखान्यातून आलेली प्रूफं. मी उंबऱ्यावर, दोघांच्या मध्ये. आईला कामावरून यायला उशीर व्हायचा म्हणून तुम्ही मला ठेवून घ्यायचात. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही कधी बोलले नाही. तेव्हा बोलायची रीत नव्हती. आज बोलते. सातच्या बातम्या सुरू होईपर्यंत त्या उंबऱ्यावर मला जे मिळालं, ते डी. एड.च्या दोन वर्षांत मिळालं नाही.

तुमचा हात कसा झरझर चालायचा! एक पान, दहा लाल खुणा, खाली सही, पुढची वही. अप्पांचं सगळं सावकाश. ओळीखाली स्टीलची पट्टी धरायचे. खिळा उलटा बसला असेल, काना निखळला असेल, तर खूण करून मोकळे व्हायचे. पण एखादं वाक्यच खटकलं की हात आखडायचे. पुन्हा वाचायचे, ओठ हलायचे, आणि समासात बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचे. मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, तुम्हाला बरोबर वाक्य येतंय ना, मग लिहून का टाकत नाही?" म्हणाले, "पोरी, वाक्य त्याचं आहे. मी विचारायचं, त्यानं ठरवायचं." कोलभाट लेनमधल्या निर्णयसागरचं नाव ते कानाच्या पाळीला हात लावून घ्यायचे, आठवतं? जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेला छापखाना, जिथे प्रूफं तपासायला शास्त्री-पंडित होते. पण शास्त्र्यांच्या त्या घराण्यातला म्हणवून घेणारा हा माणूस लेखकाच्या वाक्याला हात लावायला कचरायचा. त्याच गॅलरीत चार फुटांवर तुम्ही आमची वाक्यंच्या वाक्यं बदलून टाकत होतात. तुम्हा दोघांचं यावरून कधी बोलणं झालं होतं का? मला नेहमी विचारावंसं वाटायचं. अप्पा असताना विचारलं नाही.

माझा ठिपका हा अप्पांच्या त्या प्रश्नचिन्हातूनच आलाय, बाई.

तुमच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. एका वर्गात साठ-साठ पोरी, असे तीन वर्ग, प्रत्येकीची निबंधाची वही वेगळी. कापडी पिशव्या भरून तुम्ही त्या घरी न्यायचात, बोटाला लाल डाग घेऊन सकाळी परत आणायचात. आम्ही काय करायचो? वही मिळाली की थेट शेवटी जायचो. 'ठीक' आहे की 'छान' आहे, दहापैकी किती, एवढं बघायचं आणि वही दप्तरात. चुकलेले शब्द दहा वेळा लिहायचे तर ते रेडिओ ऐकत, उभे रकाने करून. आधी सगळी पहिली अक्षरं, मग सगळी दुसरी अक्षरं. त्यात शब्द कुठे होता? तुम्ही रात्री जागून आमचं लिखाण वाचायचात आणि आम्ही ते एकदाही वाचलेलं नसायचं. लिहून झालं की झालं, पुढचं बाई बघतील. मला याचं वाईट वाटतं ते तुमच्यासाठी. इतकी मेहनत, आणि त्या मेहनतीतून वाचनाची नजर तयार झाली ती तुमची एकटीची.

आणि एक गोष्ट मनात आहे. सांगू का?

सातवीत मी आजीवर लिहिलं होतं. सावंतवाडीहून आल्यावर ती दिवसभर खिडकीत बसायची आणि मी शाळेतून आले की विचारायची, "खंय होतंस गो?" मी ते तसंच लिहिलं होतं. तुम्ही त्यावर रेघ मारून वर लिहिलंत, 'कुठे होतीस?' बाकी निबंध तुम्हाला आवडला होता, वर्गात वाचूनही दाखवलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ऐकताना मला ती आजी माझी वाटेना. कुणा दुसऱ्याच्या, पुण्याकडच्या आजीवर लिहिल्यासारखं वाटलं. मी घरी तो निबंध तिला वाचून दाखवला नाही. तुम्हाला काय माहीत असणार? प्रमाण भाषा आम्हाला यावी, चाळीतली पोरं म्हणून कुणी आम्हाला हसू नये, याची तळमळ होती तुम्हाला. ती तळमळ मला पटते. तिच्यामुळेच आज मी हे पत्र नीट लिहू शकते. तरीही समासात एक प्रश्नचिन्ह काढलं असतंत आणि विचारलं असतंत, "हे असंच ठेवायचंय का तुला?" तर मी हो म्हटलं असतं.

आता माझ्या वर्गात बोलण्यातलं वाक्य कसं ठेवायचं हे मूल ठरवतं. निवेदनात 'मी बोललो' आलं की मी ठिपका देते, कारण आमच्या मुंबईत सगळेच 'बोलतात', 'म्हणणारे' कमी. पण आजोबांच्या तोंडी, भाजीवाल्याच्या तोंडी जे असेल ते असेल.

तुम्ही विचाराल, नुसते ठिपके देऊन तू आरामात बसतेस का? नाही हो. बघा, कसं करते ते. पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदावर. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून फुकट मिळतात. एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे वर जागा राहते. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, आधीचं वाचता आलं पाहिजे, कारण कधी कधी आधीचंच बरं असतं. मग कागद माझ्या कपाटात, निदान एक रात्र. दुसऱ्या दिवशी तेच पान हातात दिलं की मुलं दचकतात. "हे मी लिहिलंय?" कालपर्यंत जे डोक्यात होतं ते कागदावर आलंय असं त्यांना वाटत होतं. आज कळतं की अर्धं डोक्यातच राहिलंय.

नंतर जोडीनं वाचन. आपला कागद आपण वाचायचा नाही, शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. तो जिथे अडखळेल तिथे लेखकानं खूण करायची. पूर्णविराम नसेल तर वाचणाऱ्याचा श्वास संपतो आणि वर्ग हसतो. विरामचिन्हांवर मी वेगळा तास घेत नाही. आणि एका वाचनात एकच गोष्ट बघायची. पहिल्यांदा फक्त अर्थ, मग क्रम, मग वाक्यं. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी, आणि तेही खालून वर, शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे, ओळीखाली पट्टी धरून. ही अप्पांची युक्ती. गोष्टीच्या ओघात डोळा वाहून जातो, उलटं गेलं की शब्द एकटा उभा राहतो. प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याच्या स्वतःच्या चुकांची यादी असते. एकाची दुसऱ्यासारखी नसते.

तुम्ही आणि मी ज्या क्रमानं शिकलो तो याच्या नेमका उलट होता. आधी वेलांटी, मग जमलं तर अर्थ. ज्या वाक्याला अर्थच नाही त्याची वेलांटी सुधारून काय करायचं?

एका मुलाचं सांगते. फणसवाडीतूनच येतो, तुमच्या जुन्या चाळीपासून दोन इमारती सोडून. विषय होता 'आमची चाळ'. त्यानं लिहिलं, 'आमची चाळ खूप जुनी आहे. आमच्या चाळीत सगळे लोक गुण्यागोविंदाने राहतात. मला आमची चाळ खूप आवडते.' एकही चूक नाही. तुम्ही दहापैकी सात दिले असतेत. शेजारी बसणाऱ्या मुलीचं काम एकच, जिथे डोळ्यांपुढे काही येत नाही तिथे प्रश्न विचारायचा. तिनं विचारलं, "गुण्यागोविंदाने म्हणजे काय करतात?" तो विचारात पडला. म्हणाला, "नळावर भांडतात." वर्ग हसला, तोही हसला, आणि मग कागदावर ओणवा झाला. दुसऱ्या खर्ड्यात होतं, 'सकाळी पाणी आलं की नळावर भांडण होतं. संध्याकाळी त्याच दोघी गॅलरीत बसून एकीची भाजी निवडतात. आजोबा सांगतात बिल्डिंग पडणार आहे, पण ते रोज कठड्याला फडकं मारतात.' 'गुण्यागोविंदाने' त्यानं स्वतः खोडलं. मला विचारलंही नाही. त्यानंतर आजोबांचं वाक्य सुरुवातीला नेऊन बघितलं, मोठ्यानं वाचलं, मान हलवली, पुन्हा खाली आणलं. सातवीतला मुलगा, बाई! मी टेबलाशी उभी राहून नुसती बघत होते. कठड्याला फडकं मारणारे आजोबा मला दिसत होते. तुम्हाला दिसले का?

दुसरी एक मुलगी आहे. तिच्या गोष्टीत प्रत्येक वाक्य 'मग'नं सुरू व्हायचं. मग आम्ही गेलो, मग गाडी आली, मग मामा आला. मी काही बोलले नाही, फक्त सांगितलं की 'मग'भोवती गोल कर. पान गोलांनी भरून गेलं तेव्हा ती स्वतःच ओशाळली आणि एकेक काढू लागली. एक मात्र ठेवला. शेजारीण म्हणाली, हा पण काढ. ही ऐकेना. माझ्याकडे तक्रार आली. "बाई, इथला मग हवा. आजोबा गेले असं मामानं सांगितलं, आणि आजी खूप वेळ गप्प होती. मग ती चहा ठेवायला उठली." मी ते वाक्य पुन्हा वाचलं. खरंच हवा होता तो. माझ्या हातात लाल पेन असतं तर बाकीच्यांबरोबर तोही गेला असता, आणि तिला तो का हवा होता ते तिला तरी कळलं असतं की नाही, कोण जाणे.

साहित्य संघात वक्तृत्व स्पर्धेला नेताना एकदा तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून आम्हाला खटाववाडी दाखवली होतीत. "इथे मौजेत श्री. पु. भागवत बसतात. मोठमोठ्या लेखकांच्या कथासुद्धा इथून परत जायच्या, पुन्हा लिहा म्हणून." मौजेचं सत्यकथा मासिक १९८२ सालीच बंद पडलं होतं, आम्ही त्याचा एकही अंक पाहिलेला नव्हता. पण नामांकित लेखकही आपलं लिहिलेलं पुन्हा लिहितो, हे ऐकून मी चकित झाले होते. मला वाटायचं पुन्हा लिहायला लावणं ही शिक्षा असते. श्रीपु आणि राम पटवर्धन या संपादकांनी लेखकांना लिहिलेली पत्रं, त्यातल्या सूचना, हा मराठी कथेच्या इतिहासाचा भाग आहे. तो सगळा आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला. पण बाई, तेही सगळं गोड नव्हतं. आपली भाषा, आपलं जगणं त्या चौकटीत बसत नाही असं वाटणाऱ्या तरुणांनी १९६९ साली सत्यकथेची होळी केली होती, हे मला पुढे कळलं. ते तुम्ही सांगितलं नव्हतंत. संपादकानं विचारलेला प्रश्न आणि संपादकानं मारलेली रेघ यांत फरक असतो, आणि रेघ कुणाच्या शब्दांवर जास्त पडते हेही बघावं लागतं. माझ्या वर्गात मालवणी, घाटावरचं, भोजपुरी, बंगाली, सगळं बसलेलं असतं. मला ते रोज बघावं लागतं.

ठिपक्याचं म्हणाल तर मी एकटीच असा खुळेपणा करते असं नाही. रिचर्ड हॅसवेल नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९८३ साली लिहून ठेवलंय. त्यांनी विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करणं सोडलं, चूक असलेल्या ओळीपुढे समासात नुसती खूण केली, आणि निम्म्याहून जास्त चुका मुलांनी आपल्या आपण सुधारल्या. ती कॉलेजची मुलं होती, माझी बारा वर्षांची आहेत, तरी अनुभव फार वेगळा नाही. मुलांना येत नसतं असं नाही, त्यांनी पाहिलेलं नसतं. आपल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जो जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला ना, तो पहिल्यांदा दिला गेला २०१५ साली, नॅन्सी ॲटवेल या बाईंना. त्या आयुष्यभर सातवी-आठवीच्याच मुलांना लिहायला शिकवत होत्या. मुलाजवळ जाऊन बसायचं, तो काय म्हणतोय ते ऐकायचं, कागद त्याच्याच हातात ठेवायचा. एवढं लांब कशाला जायचं, मला सातवीचा वर्ग मिळाला तेव्हा तुम्हीच लीलाताई पाटलांचं 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं' माझ्या हातात ठेवलंत. कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या बाईंचं पुस्तक. खरं सांगा, देण्याआधी वाचलं होतंत का? वाचलं असेल तर परवाचा फोन मला समजत नाही. नसेल वाचलं तर परत पाठवते, पानोपानी माझ्या खुणा आहेत.

सगळं जमतं असं म्हणत नाही मी. झवेरी बाजारात कारागिरी करणाऱ्या एका बंगाली कुटुंबातला मुलगा वर्गात आहे. तो 'ती पुस्तक' लिहितो, 'माझी घर' लिहितो. मोठ्यानं वाचून त्याला काही कळत नाही, कारण त्याच्या कानाला ते खटकतच नाही. घरी ऐकलेलंच नसेल तर कान काय सांगणार? त्याच्यासाठी ठिपका हा निव्वळ छळ आहे. त्याच्याजवळ बसून मी सरळ सांगते, 'ते पुस्तक', 'माझं घर', आणि तो लिहून घेतो. तिथे मला तुमचं लाल पेन लागतं, आणि ते मी वापरते.

काही मुलं निबंध फोनकडून लिहून आणतात. स्वच्छ, गुळगुळीत, पहिल्याच वाक्यात 'आजच्या धावपळीच्या युगात'. त्यात खोडण्यासारखं काही नसतं, कारण त्यात त्या मुलाचं काहीच नसतं. मी रागावत नाही. पाठकोरा कागद देते आणि म्हणते, आज सकाळी घरातून निघताना शेवटचं काय ऐकलंस ते लिही.

आणि वह्यांची तपासणी. २०१० पासून आकारिक मूल्यमापन आलं, मुलाची वाढ बघा, वर्णनात्मक नोंदी ठेवा, सगळं कागदावर आहे. पण वह्या बघायला येणारे लाल शाई मोजतात. एका साहेबांनी माझ्या वर्गाच्या वह्या चाळून विचारलं होतं, "चुका तशाच ठेवल्यात?" अगदी तुमच्यासारखं. मी त्या चाळीतल्या मुलाचे दोन्ही खर्डे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले की नाही कळलं नाही, चहा आला. त्यांनी नाही वाचले तर बिघडत नाही. तुम्ही वाचावेत असं मात्र फार वाटतं.

वर्गात आता तुमच्या वेळच्या निम्मीही मुलं नाहीत. मेट्रोसाठी, पुनर्विकासासाठी एकेक इमारत रिकामी झाली, तुम्ही डोंबिवलीला गेलात, उरलेले विरार-बदलापूरला. मराठी शाळेचं पुढे काय, याची चर्चा शिक्षक-खोलीत रोज होते आणि मी तिच्यात बसत नाही. पटावर जेवढी आहेत तेवढ्यांशी माझं काम आहे. थोडी आहेत म्हणून प्रत्येकाजवळ बसता येतं, हेही खरंच.

तर मुद्द्याचं. यंदा हस्तलिखित करतोय. तुम्ही करायचात तसंच, जाड कागद, चित्रं, कापडी बांधणी. फरक एवढाच की प्रत्येक लेखाशेजारी त्याचा पहिला खर्डाही चिकटवणार आहोत, रेघांसकट. मुलांनीच ठरवलं. त्यांना दाखवायचंय की हे असं नव्हतं, असं झालं.

आणि सूनबाई त्या दिवशी फोनवर आणखी एक बोलून गेल्या. अप्पा गेल्यापासून तुम्ही लिहिताय म्हणे. ठाकूरद्वारच्या आठवणी. एक पान लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, आणि कुणी आलं की वही उशीखाली. मला एका शब्दानं बोलला नाहीत! मी माझ्या वर्गातल्या पोरांचं पानन् पान तुम्हाला पाठवते आणि तुम्ही स्वतःची वही लपवता, हे बरं आहे का? हे माझ्या मनाला लागलं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा आहे. तुम्हाला आता जिने आणि गर्दी झेपत नाही हे माहीत आहे, पण सीएसएमटीला उतरून मेट्रो घेतलीत तर दुसरं स्टेशन गिरगाव, आणि तिथे सरकता जिना आहे. मी फाटकाशी उभी असेन. मुलांना मी सांगून ठेवलंय की माझ्या बाई येणार आहेत आणि त्या आपलं एक पान वाचून दाखवणार आहेत. दोघंजण प्रश्न विचारणार, तेही ठरलंय. चाळीवाला मुलगा हट्टानं त्यात शिरलाय, कारण तुम्ही त्याच्या चाळीच्या शेजारच्या. जे डोळ्यांपुढे येणार नाही ते तो विचारल्याशिवाय राहायचा नाही, तेव्हा गॅलरीबद्दल काही लिहिलं असेल तर नीट आठवून या. लाल पेन आणलंत तरी चालेल, त्या बंगाली मुलाजवळ बसायला कुणीतरी हवंच आहे.

वही विसरू नका. अर्धवट असली तरी आणा, आमच्याही अर्धवटच आहेत.

तुमची,
सातवी 'ब'मधली